उजव्या अंगाची खिडकी

आमच्या गाडीला मागच्या चाकामागे एक खिडकी होती, फक्त डाव्या अंगाला. उजवं अंग कोरं. डावीकडून बघितलं तर काम पुरं झालेलं वाटायचं आणि उजवीकडून बघितलं तर कुणी हातच लावला नाही असं. हे गेल्यावर पुष्कळ दिवस मी पोर्चमधून डाव्या बाजूनेच ये-जा करत होते.

हे म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, आता लिहितानाही घेणार नाही.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणि एका स्कूटरवर काढली. मग नोएडात घर बांधलं, मुलगा नोकरीसाठी बंगलोरला गेला, हे रिटायर झाले आणि एका दुपारी एक लाल गाडी घेऊन दारात उभे राहिले. जुनीच, पण स्पोर्ट्स कार. देशातच बनलेली, पत्र्याऐवजी फायबरचं अंग, छप्पर काढता येणारी, दोनच सीटची. तिचा कारखाना कधीच बंद पडला होता. मी म्हटलं, "अहो, या वयात सवत आणलीत?" तर म्हणाले, "अगं, बसून तर बघ." बसणं कसलं! त्या गाडीत माणूस बसत नाही, आडवा होतो. उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. मग दोघांपैकी आधी कोणी उतरायचं, यावरून आमची रोज जुंपायची.

मुलाने फोनवर विचारलं, "पापा, मी आल्यावर कुठे बसणार यार?" यांनी फोन माझ्या हातात दिला. उत्तर माझ्याकडे होतं, पण मी जेवलास का, ते विचारलं. दोघांपुरती गाडी माणूस घेतो ती घरात दोघंच उरल्यावर.

थंडीत रविवारी सकाळी आम्ही एक्सप्रेसवेवर जायचो. छप्पर काढायचं, यांची माकडटोपी, माझा मफलर, मांडीवर चहाचा थर्मास. एकदा तर पार हिंदूरावच्या टेकडीपर्यंत घेऊन गेले. तिथे आता मोठं हॉस्पिटल आहे. गर्दीत गाडी कडेला लावून मला म्हणाले, "हा हिंदूराव ग्वाल्हेरचा. आपला माणूस." दिल्लीत कुठेही मराठी नावाचा मागमूस लागला की ते असे मालकासारखे उभे राहायचे. मी म्हटलं, "तुमच्या माणसाने पार्किंगची सोय केली नाही वाटतं." आजूबाजूची पोरं गाडीचे फोटो काढत होती आणि आम्हा दोघांना फोटोतून बाजूला व्हायला सांगत होती.

खिडकीचं वेड यांच्या डोक्यात कुठल्याशा व्हिडिओवरून शिरलं. चाक जोरात फिरतं तेव्हा वारा त्याच्या वरच्या कमानीत कोंडतो आणि गाडीचं बूड उचलायला बघतो. चाकामागे अंगाला भोक पाडून त्याला वाट करून दिली, की गाडी रस्ता धरून राहते. परदेशातल्या भारी गाड्यांना अशा खिडक्या कारखान्यातच असतात. हे सगळं त्यांनी मला भाजी चिरताना समजावलं.

"म्हणजे कुकरसारखं," मी म्हटलं.

"बिल्कुल! शिट्टी नसेल तर काय होईल?"

"झाकण उडेल. पण अहो, आपला कुकर तापतोय कुठे?"

कारण हे ती गाडी स्कूटरच्या वेगाने चालवायचे. कांद्याचे टेंपो आम्हाला मागे टाकून जायचे. त्या वेगाला वारा कोंडत नाही आणि बूडही उचललं जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण हौसेला मोल नसतं. आयुष्यभर नियमात बसेल तेवढंच केलेल्या माणसाला एकदा तरी चांगल्या धडधाकट वस्तूला भोक पाडायचं होतं.

भोक पाडायच्या आधी नमुना हवा. माझा ब्राऊनपेपर गेला, खडू गेला, टेप गेली, आणि शेवटी कात्रीही गेली तेव्हा मी ओरडले. मी घरी ब्लाऊज शिवते, अगदी आर. के. पुरमपासून. माझ्या कात्रीने कागद कापलेला मला खपत नाही. यांनी कागद गाडीच्या अंगावर लावून खिडकीचा आकार काढला. वर रुंद, खाली निमुळती, चाकाच्या गोलाईला समांतर. चारी कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडली, मग आरीच्या पात्याने हळूहळू एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत कापत गेले. फायबरचा चुरा उडतो म्हणून तोंडाला फडकं बांधलं होतं. कानशीने कडा घासल्या. खिडकीत बसवायला ॲल्युमिनियमची चौकट केली आणि तिच्यात तिरप्या पट्ट्या, मागे तोंड करून बसवलेल्या, म्हणजे वारा बाहेर जावा आणि चाकाचा चिखल आडवा उडू नये. डाव्या बाजूची खिडकी झाली तेव्हा मी चहा घेऊन गेले आणि खरं सांगते, चहा द्यायचा विसरले. इतकी सुबक होती. कौतुक केलं नाही, कारण मग उजवीच्या वेळी डोक्यावर बसले असते. एवढंच म्हटलं, "बरी झालीय."

उजवी बाजू कापायच्या आधी यांनी शहाणपणा केला. चौकट आणि पट्ट्या आधी करून ठेवायच्या, मग भोक. त्याच नमुन्यावरून दुसरी चौकट केली, पट्ट्या बसवल्या, रिवेट ठोकले, आणि उजव्या अंगावर धरून बघायला मला हाक मारली. मी बघितलं आणि हसू फुटलं ते आवरेना.

"काय झालं?"

"अहो, दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्यात!"

शिवणाऱ्या प्रत्येक बाईने नवखी असताना हे एकदा केलेलं असतं. नमुना न उलटता दोन्ही बाह्या कापायच्या आणि मग उजवा हात घालायला गेलं की बाही पाठीमागे ओढते. यांच्या पट्ट्यांचं तसंच. डावीकडे मागे तोंड करणाऱ्या पट्ट्या उजवीकडे धरल्या तर पुढे तोंड करत होत्या. वारा बाहेर जायचा सोडून आतच भरला असता, वर रस्त्यावरची धूळ. यांनी चौकट उलटी धरून बघितली. तोंड मागे झालं, पण रुंद बाजू खाली आली. पुन्हा सुलटी धरली. मग ती हातात घेऊन पायरीवर बसले आणि स्वतःच हसायला लागले. "नाकाखालचं दिसत नाही बघ," म्हणाले. मी हसले त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्यांच्या बरोबरीने हसलेलं ते शेवटचं, म्हणून ते मी जपून ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पाटावर मांडून त्यांची पूजा करतात. कात्री, सुरी, खलबत्ता, पाना, जे हाताला रोजचं असेल ते. एकदा पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याला अक्षता टाकून उत्तरपूजा करायची, देवाला निरोप द्यायचा, मगच ती उचलायची. शेजारच्या पंजाबी वहिनींना हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. "भाभीजी, औज़ारों की पूजा तो विश्वकर्मा पर हो गई ना?" मी म्हणते, "हमारे औज़ार थोड़े लेट हैं." त्या वर्षी यांनी पोर्चच्या कोपऱ्यातच पाट मांडला. ड्रिल, आरी, कानस, पक्कड, रिवेटची बंदूक, आणि मधोमध माझी कात्री, तीही न विचारता. "दसऱ्याला नमुना उलटा करून पुन्हा लागतो," म्हणाले. बाहेर सातवणाच्या फुलांचा तो जड वास सुटला होता, समोरच्या मैदानात रावण उभा करत होते. हळदकुंकू, झेंडू, उदबत्ती. गाडीलाही हार.

संध्याकाळी छातीत दुखायला लागलं. रात्री हॉस्पिटलमध्ये नेलं, दसऱ्याच्या सकाळी तिथेच गेले.

त्यानंतरचं सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं, ते सांगत नाही. फक्त पाटाचं सांगते. सुतकात पूजा करत नाहीत, म्हणून उत्तरपूजा झाली नाही. सुतक फिटल्यावर मुलाने विचारलं, "आई, वो पूजा वाला सामान उठा दूँ?" मी नको म्हटलं. पहिलं वर्षभर घरात सण नाही, म्हणून तो विषय आपोआप टळला. वर्ष फिरलं तेव्हा सांगायला कारण उरलं नव्हतं, पण विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. झेंडूचा चुरा झाला. कामवाली झाडू घेऊन पाटाजवळ गेली की मी आतून ओरडायची. कात्री मी नवी आणली, पण ती हाताला बसली नाही.

लोक विचारतात, एकटं वाटत असेल ना? वाटतं. पण कधी वाटतं ते सांगितलं तर त्यांना कळत नाही. दिवसभर मी बोलते. भाजीवाल्याशी, वहिनींशी, गॅसवाल्याशी, सगळं हिंदीत. मुलाशी फोनवर, अर्धं हिंदीत. रात्री अंथरुणावर पडताना लक्षात येतं की आज तोंडातून एकही धड मराठी वाक्य गेलं नाही. प्रेमाने बोलायला माणसं मिळतात हो. मराठीत भांडायला मिळत नाही. एकदा पोर्चमध्ये गाडीवरची धूळ झटकताना मी तिला म्हटलं, "काय गं सटवे, तुला कुठे जायचं नाही, यायचं नाही, तरी एवढी धूळ?" आणि मग बऱ्याच वेळाने कळलं की मी उत्तराची वाट बघत उभी आहे.

गाडीचं वय झालं होतं. दिल्लीच्या हवेपायी जुन्या गाड्यांना इथे बंदी, पेट्रोलसुद्धा मिळणार की नाही, रोज पेपरात वेगळं. मुलाने बंगलोरहून सगळं शोधून काढलं. इथे ठेवली तर एक दिवस भंगारात जाणार. दुसऱ्या राज्यात पाठवली तर जगेल. आणि पुण्याचा एक मुलगा अशाच गाड्या गोळा करतो, तो न्यायला तयार आहे.

होळी झाल्यावर तो आला. तिशीचा असेल. दारातच चपला काढत म्हणाला, "काकू, पाणी मिळेल का हो?" एवढं साधं वाक्य, पण मराठीत. मी त्याला पाणी दिलं, मग चहा, मग पोहे, आणि बोलतच सुटले. तो बिचारा गाडी बघायला आला होता. शेवटी तोच म्हणाला, "काकू, बघूया का?"

त्याने गाडी मायेने बघितली, हे कबूल. खाली झोपून बघितलं, इंजिन ऐकलं, सीटच्या शिवणीवरून हात फिरवला. मग डाव्या चाकामागे आला आणि थांबला. घोडं पेंड खात होतं ते तिथे.

"हे कोणी कापलं?"

"यांनी."

"काम छान आहे," तो म्हणाला. "पण काकू, मी गाड्या मूळ रूपात ठेवतो. कारखान्यातून निघाली तशी. हे मी भरून घेईन. फायबर आहे, काही कळणारही नाही."

काही कळणारही नाही. तो चांगल्या मनाने म्हणाला होता, मला धीर द्यायला. तो गाडी पाहुण्यासारखी नेणार होता, भंगारातून वाचवणार होता, आणि त्यासाठी यांच्या हातची शेवटची गोष्ट पुसून टाकणार होता. मला त्याचा राग आला आणि राग धरायला काही जागा नव्हती. मी म्हटलं, "ट्रक कधी पाठवणार?" तो म्हणाला, "कागद आले की. पंधरवडा तरी लागेल." मी म्हटलं, "तेवढा पुरे." कशाला पुरे, ते त्याने विचारलं नाही.

तो गेल्यावर मी पाटासमोर बसले. एका बाजूला खिडकी, एका बाजूला कोरं अंग अशी गाडी त्याच्या हाती गेली तर ती चूकच दिसणार. कुणा म्हाताऱ्याने सुरू केलं आणि जमलं नाही. चूक कुणीही भरून काढतो. पण दोन्ही अंगं सारखी असली, तर ते काम दिसेल. पुरं केलेलं काम भरून टाकायला माणसाला क्षणभर थांबावं तरी लागतं. मला तो क्षणभर हवा होता. त्याहून जास्त मागायला माझ्या हातात काही नव्हतं.

पण हत्यारं पूजेत होती.

सकाळी आंघोळ करून तांदळाला कुंकू लावलं. उत्तरपूजा नेहमी हेच करायचे. मंत्र भराभर म्हणायचे, गाडी सुटत असल्यासारखे. मला त्यातले शेवटचे शब्द तेवढे येत होते, पुनरागमनाय च. जा, पण परत येण्यासाठी जा. लहानपणापासून दर गणपतीला, दर पूजेला ऐकलेलं, कधी अडखळले नव्हते. त्या दिवशी अक्षता मुठीत घेऊन बसले आणि शब्द तोंडाबाहेर पडेनात. कारण पाटावर अक्षता पडल्या नव्हत्या तोवर पूजा चालूच होती. दसरा व्हायचा होता. नमुना उलटा करायला कुणीतरी यायचं होतं. मला हे कधी नीट कळलं नव्हतं, पण दीड वर्ष मी कामवालीवर ओरडत होते ते याचसाठी. शेवटी म्हटलं मोठ्याने, पोर्चमध्ये एकटीने, आणि अक्षता टाकल्या. मग माझी कात्री उचलली. तिला गंज चढला होता.

नमुना जिथे ठेवला होता तिथेच होता, सीटच्या मागे. मी तो उलटा केला. एवढंच करायचं होतं. कागद पालथा घालायला किती वेळ लागतो?

चौकट मीच केली. पत्रा वाकवणं हे कापडाची दुमड घालण्यासारखंच, फक्त पत्रा ऐकत नाही. ड्रिल पहिल्यांदा हातात धरलं तेव्हा त्याने मला हिसका दिला, मी त्याला एक शिवी दिली, मग आमचं जमलं. दुपारी उन्हं पोर्चमध्ये आली की मी तोंडाला फडकं बांधून बसायची. वहिनी गेटवरून बघून गेल्या आणि मुलाला फोन केला असावा, कारण त्याचा लगेच आला. "आई, क्या कर रही है तू?" मी म्हटलं, "बाही शिवतेय." कापताना आरी एका ठिकाणी बाहेर गेली. ती जागा मी कानशीने बरीच घासली, तरी जवळून बघितलं तर दिसते. यांची कड सरळ, माझी थोडी वाकडी. शेवटचा रिवेट बसला तेव्हा मी मागे जाऊन उभी राहिले, गाडीच्या बरोबर मधोमध. डावीकडे खिडकी, उजवीकडे खिडकी. पट्ट्यांची तोंडं दोन्हीकडे मागे.

मला वाटलं होतं बरं वाटेल. काम पुरं झालं होतं. आता यात कुणाची काही गरज राहिली नव्हती, ना त्यांची, ना माझी. हे दसऱ्याच्या सकाळी गेले असं मी सगळ्यांना सांगत आले, पण माझ्या घरातून ते त्या दुपारी गेले. मी पायरीवर बसून रडले, आणि मराठीत रडले, म्हणजे अहो-अहो करून. आत कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या होत होत्या.

ट्रक घेऊन तो पुण्याचा मुलगा स्वतः आला. गाडीभोवती एक फेरी मारली, उजव्या अंगाशी थांबला. वाकून त्या वाकड्या कडेवरून बोट फिरवलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "प्रवासात छप्पर नीट झाका." तो "हो काकू" म्हणाला. भरणार का, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. निघताना वाकून नमस्कार केला, म्हणाला, "येतो." मी म्हटलं, "या." ट्रकवर चढलेली गाडी वळणावर गेली तेव्हा तिचं मागचं अंग माझ्याकडे होतं, म्हणून शेवटी मला दोन्ही खिडक्या दिसल्या.

गेल्या दसऱ्याला त्याने फोटो पाठवला. गाडी धुऊन पुसून उभी, टपावर झेंडूचा हार, खाली आपट्याची पानं, खरी आपट्याची. इथे आम्ही आपटा म्हणून कांचनाची पानं वाटतो. फोटो पुढून काढलेला. मी तो बोटांनी मोठा करून करून बघितला. मागची चाकंही नीट दिसत नाहीत. विचारायला एक फोन पुरे होता. केला नाही.

त्याच्या आदल्या दिवशी मी पोर्चमध्ये पाट मांडला होता. मोकळ्या पोर्चमध्ये तो फार लहान दिसत होता. ड्रिल, आरी, कानस यातलं काही ठेवलं नाही. माझी कात्री लागते म्हणून तीही ठेवली नाही. एकच वस्तू ठेवली. यांनी केलेली दुसरी चौकट, ती चुकलेली, जी या जगात कुठल्याही गाडीच्या उजव्या अंगाला बसणार नाही. ती कुणी मागितली नव्हती, आणि ती भरून टाकायची म्हटलं तरी कुणाला भरता येणार नाही. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला.

दसऱ्याला आंघोळ करून अक्षता घेऊन गेले. मूठ उघडणार एवढ्यात मनात आलं, घाई काय आहे? तांदूळ परत डब्यात टाकले. पाट अजून तिथेच आहे.